मोठ्या क्वेरीचा निकाल फाइलमध्ये काढताना या चुका टाळा

डेटाबेसला विचारलेल्या प्रश्नाचा, म्हणजे क्वेरीचा, निकाल फाइलमध्ये काढणं म्हणजे एक्सपोर्ट. तो मध्येच एरर देऊन थांबला तर त्रास होतो, पण निदान काहीतरी बिघडलंय हे लगेच कळतं. जास्त घातक असते ती गुपचूप अपुरी निघालेली फाइल. ती उघडते, व्यवस्थित दिसते, मेलने पुढे जाते आणि हिंजवडीतल्या ऑफिसातून निघालेले आकडे महिनाभर कुणाच्या तरी रिपोर्टमध्ये चुकीचे बसून राहतात. म्हणून खालच्या बहुतेक चुका याच एका धोक्याभोवती आहेत.

ग्रिडमधून सेव्ह करणं

मायएसक्यूएल डेटाबेस हाताळायच्या वर्कबेंच या प्रोग्राममध्ये निकालावर १००० ओळींची मर्यादा मुळातच लावलेली असते. क्वेरी चालवली, ग्रिड (निकालाचा पडद्यावरचा तक्ता) भरली, तिथूनच एक्सपोर्ट केलं, की फाइलमध्ये तेवढ्याच ओळी येतात. एरर वगैरे काही येत नाही. ओळींची संख्या नेमकी १००० किंवा अशीच गोल दिसली तर आधी संशय घ्या. ग्रिड हे निकाल नजरेखालून घालण्याचं साधन आहे, मोठा डेटा काढायचं नाही.

सगळा निकाल मेमरीत ओढणं

पायथनमध्ये ‘फेचऑल’ लिहिलं की सगळ्या ओळी एकदम प्रोग्रामच्या मेमरीत येतात. पोस्टग्रेस या डेटाबेसच्या जावा ड्रायव्हरमध्येही (जावा प्रोग्रामला डेटाबेसशी जोडणारा दुवा) डिफॉल्ट वागणूक तीच. तिथे फेच साइझ (एका वेळी किती ओळी आणायच्या तो आकडा) दिली, पण ऑटोकमिट (प्रत्येक कमांड आपोआप पक्की करणं) चालूच ठेवलं, तर त्या फेच साइझचा काही उपयोग होत नाही. ऑटोकमिट बंद करावंच लागतं. बऱ्याच जणांचं इथेच अडतं, आणि मग मशीनची रॅम वाढवून मागितली जाते. पीएसक्यूएल या पोस्टग्रेसच्या कमांड लाइन प्रोग्राममधून काढत असाल तर फेच काउंट, म्हणजे एका वेळी आणायच्या ओळींची संख्या, सेट करा. त्याहून बरं म्हणजे थेट कॉपी कमांड वापरा, कारण ती निकाल जसजसा येईल तसतसा फाइलमध्ये लिहीत जाते.

मात्र कॉपी दोन प्रकारची असते. नुसती कॉपी डेटाबेस सर्व्हरच्या डिस्कवर फाइल लिहिते आणि त्यासाठी खास परवानगी लागते. बॅकस्लॅश लावलेली कॉपी तुमच्या मशीनवर लिहिते. मायएसक्यूएलचं ‘इन्टू आउटफाइल’ही सर्व्हरवरच लिहितं, आणि तेही ‘सिक्युअर फाइल प्रिव्ह’ या सेटिंगने ठरवून दिलेल्या फोल्डरमध्येच. त्याच नावाची फाइल आधीपासून असेल तर ते तिच्यावर लिहायला नकार देतं, हे उत्तमच आहे.

लिमिट-ऑफसेटने तुकडे पाडणं

लिमिट म्हणजे एका वेळी किती ओळी घ्यायच्या, ऑफसेट म्हणजे सुरुवातीच्या किती सोडायच्या. ऑफसेट पाच लाख दिला की डेटाबेस पहिल्या पाच लाख ओळी वाचून टाकून देतो, म्हणून पुढचा प्रत्येक तुकडा आधीच्यापेक्षा हळू येतो. क्रम लावणारं ऑर्डर बाय नसेल तर ओळींच्या क्रमाची खात्रीच नाही. असला, तरी मधल्या वेळात कुणी ओळी घातल्या किंवा काढल्या की काही ओळी दोनदा येतात, काही सुटतात. तुकडे करायचेच असतील तर शेवटचा आयडी लक्षात ठेवा आणि ‘त्याच्यापेक्षा मोठा आयडी’ अशी अट लावून पुढे चला.

एक्सेलमध्ये उघडून ‘फक्त बघणं’

एक्सेलच्या एका शीटमध्ये १०,४८,५७६ ओळी मावतात. त्यापुढच्या ओळी मावत नाहीत असा इशारा येतो, तो बघितला न बघितला करून कुणी सेव्ह मारलं की उरलेला डेटा गेला.

मावणाऱ्या फाइलचंही नुकसान होतंच. पुण्यातल्या मिळकतींच्या यादीत सर्व्हे नंबर १२/३ असेल तर त्याची १२ मार्च होते; ४५/१७ मात्र तसाच राहतो, त्यामुळे वरवर चाळताना चूक नजरेत येत नाही. ०२० ने सुरू होणाऱ्या लँडलाइनचं पहिलं शून्य उडतं. १६ अंकी खाते क्रमांकाचा शेवटचा अंक शून्य होतो, कारण एक्सेल १५ अंकांपर्यंतच अचूकता ठेवतं. एकदा सेव्ह झालं की मूळ आकडा परत मिळत नाही. मराठी नावं अगम्य चिन्हांत दिसतात ती फाइल यूटीएफ-८ या एन्कोडिंगमध्ये (अक्षरं साठवायच्या पद्धतीत) असून एक्सेलला ते कळत नाही म्हणून. सीएसव्ही, म्हणजे स्वल्पविरामांनी कॉलम वेगळे केलेली साधी मजकूर फाइल, डबल क्लिकने उघडू नका. डेटा टॅबमधून ‘टेक्स्ट/सीएसव्ही’ने आत घ्या, एन्कोडिंग यूटीएफ-८ निवडा, आणि असे कॉलम टेक्स्ट ठेवा.

लॅपटॉपच्या भरवशावर तासाभराचं काम सोडणं

घरून काम करताना गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज गेली, वायफाय गेलं, की एसएसएच (सर्व्हरशी दुरून जोडलेलं कनेक्शन) तुटतं आणि त्यासोबत एक्सपोर्टही. काम सर्व्हरवर टीमक्समध्ये चालवा, म्हणजे कनेक्शन तुटलं तरी ते चालू राहतं. त्याआधी डिस्कवर जागा किती आहे ते बघा, आणि जमेल तिथे निकाल थेट जीझिपमध्ये (फाइल दाबून लहान करणारा प्रोग्राम) जाऊ द्या. फाइलला आधी तात्पुरतं नाव द्या आणि काम पूर्ण झाल्यावरच खरं नाव द्या. म्हणजे अर्धवट फाइल कुणी चुकून उचलणार नाही.

मुख्य डेटाबेसवर (प्रायमरीवर) लोड नको म्हणून त्याच्या चालत्या प्रतीवर, म्हणजे रेप्लिकावर, क्वेरी चालवणं योग्यच. पण पोस्टग्रेसच्या रेप्लिकावर ‘रिकव्हरीशी संघर्ष’ अशा अर्थाची एरर येऊन क्वेरी मरत असेल, तर क्वेरीत दोष शोधत बसू नका. प्रायमरीकडून आलेले बदल लागू करायला रेप्लिका डिफॉल्टने ३० सेकंदच थांबते, मग आड येणारी क्वेरी रद्द करते. ती मुदत वाढवायला डीबीएला (डेटाबेस सांभाळणाऱ्याला) सांगा.

ओळी मोजताना फसणं

‘सदाशिव पेठ, पुणे ४११०३०’ अशा पत्त्यात स्वल्पविराम असतो, आणि फॉर्म भरताना कुणी एंटर दाबलेलं असेल तर मधेच नवी ओळही. योग्य अवतरणचिन्हांत असेल तर सीएसव्हीला हे चालतं, पण ‘डब्ल्यूसी’ या ओळी मोजणाऱ्या कमांडने ओळी मोजल्या तर आकडा जास्त येतो. तेवढ्यावरून डेटा वाढला म्हणू नका. सीएसव्ही नीट वाचणाऱ्या प्रोग्रामने रेकॉर्ड मोजा. कॉपी कमांड शेवटी स्वतःच ओळींचा आकडा सांगते, तो लॉगमध्ये ठेवा. काउंटची वेगळी क्वेरी घ्यायची असेल तर ती आणि एक्सपोर्ट एकाच रिपीटेबल रीड ट्रान्झॅक्शनमध्ये (ज्यात दोन्ही क्वेरींना डेटा एकाच क्षणाचा दिसतो) चालवा, नाहीतर चालत्या टेबलवर दोन्ही आकडे जुळायचे नाहीत. शिवाय रकमेच्या कॉलमची बेरीज दोन्हीकडे करून बघा, कारण ओळी जुळल्या तरी कॉलम सरकलेले असू शकतात.