जुन्या वस्तूंचा ऑनलाइन व्यवहार करताना दुसऱ्याचा हेलपाटा कसा वाचवावा

दोन पावसाळ्यांपूर्वी व्हॉट्सअ‍ॅपच्या एका खरेदी-विक्री समूहावर सागवानी कपाटाची जाहिरात आली. फोटो समोरून काढलेला होता, पॉलिश चकचकीत होते आणि किंमतही रास्त वाटली, म्हणून छोटा हत्ती टेम्पो ठरवून मी बेळगावच्या टिळकवाडीहून खानापूर गाठले. कपाट भिंतीपासून पुढे ओढून मागच्या डाव्या पायावर अंगठा दाबला, तर तो सहज आत गेला आणि वाळवीची ओलसर माती फरशीवर सांडली. मालक मुळीच ओशाळले नाहीत. "काका, तुम्ही पायाचं विचारलंच नव्हतं की," असे ते म्हणाले, आणि ते खरेही होते. जाऊन-येऊन सुमारे ५० किलोमीटरचे टेम्पोभाडे मात्र माझ्या खिशातून गेले.

त्या गृहस्थांना मी लबाड म्हणणार नाही. विचारल्याशिवाय दोष सांगायचा नसतो, ही बाजारातली जुनी सवय त्यांनी मोबाइलवर तशीच आणली होती. बाजारात ती खपून जाते, कारण वस्तू गिऱ्हाइकाच्या डोळ्यांसमोर असते आणि पटली नाही तर शेजारचे दुकान असते. समूहावर पाहणाऱ्याच्या हाती केवळ जाहिरात असते, आणि तिच्या भरवशावर कोणी निपाणीहून निघतो, तर कोणी चंदगडहून. म्हणून या व्यवहारातील शिष्टाचाराची माझी कसोटी एकच आहे: आपण लिहिलेल्या किंवा न लिहिलेल्या शब्दामुळे समोरच्याला हेलपाटा पडता कामा नये.

विक्रेत्याने जाहिरातीची सुरुवात दोषापासून करावी, असा माझा आग्रह आहे. ओरखडा, गंज, बदललेला भाग, हरवलेली किल्ली यांचा एकेक फोटो जवळून काढावा आणि तो चांगल्या फोटोंच्या आधी टाकावा. दोष वाचूनही जो माणूस येतो तो घेण्याच्या तयारीने येतो आणि दारात उभा राहून त्याच दोषावरून भाव पाडत नाही. लाकडी सामानाची लांबी, रुंदी आणि उंची टेपने मोजून लिहावी, कारण जुन्या गल्ल्यांतील घरांचे जिने अरुंद असतात आणि कपाट खाली अन् माणसे वर अशी फजिती मी पाहिली आहे. आपल्याकडच्या पावसाळ्यात लाकूड फुगते; जूनपासून सप्टेंबरपर्यंत खण घट्ट बसत असतील तर तेही लिहावे, आणि घेणाऱ्यानेही त्या दिवसांत प्रत्येक खण स्वतः ओढून पाहावा. वस्तू खाली उतरवणे, हमाली आणि टेम्पो यांचा खर्च कोणाकडे, हे आधीच स्पष्ट केले तर दारातला निम्मा वाद मिटतो.

पत्ता पुरेसा लिहिणे ही आपल्या भागात विशेष गरजेची गोष्ट आहे. नुसते ‘शहापूर’ हे बेळगावातल्या भागाचे नाव लिहिले तर बाहेरगावच्या माणसाला प्रश्न पडतो, कारण ठाणे जिल्ह्यात एक शहापूर आहे आणि यादगीर जिल्ह्यातही एक आहे. नुसते ‘खडेबाजार’ लिहिले तर बेळगावचा माणूससुद्धा विचारतो की शहरातला की शहापूरचा. १ नोव्हेंबर २०१४ पासून शहराचे सरकारी नाव बेळगावी झाले. आपण कोणतेही लिहा, परंतु पुढे गल्लीचे किंवा रेल्वे गेटचे नाव अवश्य द्या. घरक्रमांक मात्र समूहावर टाकू नये, तो सौदा ठरल्यावर खासगी संदेशात द्यावा.

भाषेचेही तसेच आहे. मराठी जाहिरातीखाली वस्तू, किंमत आणि गाव एवढे सांगणारी एक ओळ कन्नडमध्ये जोडली, तर गिऱ्हाईक वाढते. "एष्ट री?" (किती हो?) असा प्रश्न आला की उत्तर द्यावे आणि पुढे जावे, सीमावादाचा निवाडा मिक्सरच्या जाहिरातीखाली लागणार नाही.

शालेय पुस्तकांबाबत एक इशारा द्यायला हवा. कर्नाटकातील मराठी माध्यमाच्या शाळांना कर्नाटक राज्याची मराठी पाठ्यपुस्तके लागतात, महाराष्ट्राच्या बालभारतीची चालत नाहीत. ‘सातवीचा मराठी माध्यमाचा पूर्ण संच’ एवढेच वाचून कोल्हापूरकडून पुस्तके मागवणारे पालक दर जूनमध्ये भेटतात. विक्रेत्याने राज्य, इयत्ता आणि छपाईचे वर्ष लिहावे आणि मुखपृष्ठाचा फोटो टाकावा.

किमतीसंबंधी बोलायचे तर आकडा लिहिणे हे विक्रेत्याचे कर्तव्य आहे. ‘किमतीसाठी खासगीत या’ ही ओळ मला विक्रेत्याच्या आळसाची खूण वाटते. व्हॉट्सअ‍ॅपच्या एका समूहात १,०२४ सदस्य असू शकतात, आणि किंमत न लिहिल्यामुळे येणारा प्रत्येक ‘किती?’ तेवढ्या फोनवर जाऊन पोहोचतो. उलट घासाघीस मात्र खासगीतच करावी. जनावरांच्या बाजारात व्यापारी रुमालाखाली बोटे धरून भाव करतात, त्यामागे शहाणपण आहे: चारचौघांत आकडा फुटला की विकणाराही अडतो आणि घेणाराही. समूहावर सर्वांदेखत ‘एवढे कोण देणार?’ असे लिहिणे हा दुसऱ्याच्या सौद्यात पाय घालण्याचा प्रकार आहे. वस्तू न पाहताच ‘लास्ट किती?’ विचारणाऱ्याला मी नम्रपणे सांगतो, "भाऊ, आधी बघून जा, मग बोलू." सौदा जमला नाही तरी ‘नको’ एवढे कळवावे, कारण गप्प बसणाऱ्यासाठी विक्रेता चार दिवस वस्तू अडवून ठेवतो.

इसार, म्हणजे सौदा पक्का करण्यासाठी दिलेली आगाऊ रक्कम, हा आपला जुना शब्द येथे फार उपयोगी पडतो. लांबून येणाऱ्याने थोडी रक्कम इसार म्हणून द्यावी, विक्रेत्याने ती मिळाल्याचे लिहून कळवावे आणि ठरलेल्या दिवसापर्यंत वस्तू दुसऱ्याला दाखवूही नये. घेणारा आला नाही तर इसार बुडेल की परत मिळेल, हे देतानाच ठरवावे. मात्र अनोळखी विक्रेत्याकडे वस्तू पाहण्यापूर्वी इसार पाठवणे धोक्याचे आहे. तेथे ओळखीतला कोणीतरी वस्तू पाहून आल्यावरच पैसे द्यावेत. इसार न घेता तोंडी शब्द दिला असेल, तर पहिल्याला संध्याकाळपर्यंतची मुदत द्यावी आणि दुसऱ्याला "तुमचा नंबर दुसरा आहे" असे उघड सांगावे. काही घरांत अमावास्येला किंवा शुक्रवारी वस्तू बाहेर देत नाहीत. त्यावर वाद घालू नये, दिवस आधी विचारून घ्यावा.

मोबाइल विकत घेताना बिल आणि खोका मागणे म्हणजे अविश्वास दाखवणे, असे कोणी मानू नये. फोनवर स्टार, हॅश, शून्य, सहा, हॅश दाबले की त्या फोनची ओळख असलेला १५ अंकी आयएमईआय क्रमांक दिसतो. तो खोक्यावरच्या क्रमांकाशी जुळवावा आणि केंद्र सरकारच्या ‘संचार साथी’ सेवेवर तपासावा. चोरीचा माल जाणूनबुजून घेणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली गुन्हा आहे. विकणाऱ्याने फोन कोरा करण्यापूर्वी आपले खाते त्यातून काढावे, नाहीतर पुढच्याच्या हातात फोन बंद कुलपासारखा राहतो आणि पासवर्ड विचारायला त्याला पुन्हा आपले दार गाठावे लागते.

दुचाकीच्या व्यवहारात राज्याची सीमा खरोखर आडवी येते. बेळगावची केए-२२ किंवा चिकोडीची केए-२३ गाडी राज्यातल्या राज्यात विकली, तर मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५० प्रमाणे विक्रेत्याने १४ दिवसांत आरटीओला कळवायचे असते, आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत. राज्याबाहेर विकल्यास विक्रेत्याला ४५ दिवस मिळतात. कागलहून एमएच-०९ गाडी आणणाऱ्याने नमुना २८ मधील ना-हरकत प्रमाणपत्राची (एनओसी) मागणी सौद्यापूर्वीच करावी, कारण गाडी १२ महिन्यांहून अधिक काळ दुसऱ्या राज्यात ठेवायची असेल तर तेथील नोंदणी आणि तेथील कर चुकत नाही. हा खर्च धरला की स्वस्त वाटणारी गाडी पुष्कळदा स्वस्त उरत नाही. जाहिरातीत ‘एनओसी मिळेल’ किंवा ‘एनओसी काढून घ्यावी लागेल’ यांपैकी एक वाक्य असलेच पाहिजे, आणि कर्जाचा बोजा असेल तर तोही लिहावा. विक्रेत्यालाही हे हिताचे आहे: नोंदवहीत ज्याचे नाव, तोच अपघाताच्या भरपाईला जबाबदार, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये दिला आहे. कोऱ्या फॉर्मवर सही करून किल्ली देणे हा भिडेखातर केलेला मोठा मूर्खपणा होय.

भिडेवरून आठवले. बेळगाव ही मराठा लाइट इन्फंट्रीच्या रेजिमेंटल सेंटरची नगरी आहे, आणि आपल्याकडे घरटी नाही तरी गल्लीटी एक फौजी असतो. ठग नेमके याच आदराचा फायदा घेतात. ‘मी लष्करात आहे, बदली झाली, गाडी तातडीने विकायची आहे, लष्कराच्या गाडीतून घरपोच पाठवतो, आधी थोडे पैसे भरा’ असा संदेश, सोबत गणवेशातील फोटो आणि ओळखपत्र. हा प्रकार देशभर चालतो, पण येथे तो अधिक सहज पचतो. खऱ्या जवानाला प्रत्यक्ष भेटायला अडचण नसते. दुसरी युक्ती विकणाऱ्यावर चालवतात: ‘पैसे पाठवतो, हा क्यूआर कोड स्कॅन करून पिन टाका.’ यूपीआयवर पैसे घेण्यासाठी पिन कधीच लागत नाही. पिन टाकला की पैसे आपल्याच खात्यातून जातात. फसगत झाली तर लाजून गप्प न बसता लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या मदतक्रमांकावर कळवावे, आणि ठगाचा क्रमांक समूहाच्या प्रशासकालाही द्यावा.

भेट दिवसाउजेडी आणि माणसांच्या वावरात ठेवावी. एखाद्या ताईने शिलाई मशीन विकण्यासाठी दिलेला मोबाइल क्रमांक मशीनपुरताच वापरावा. त्यावर रोज सकाळी सुप्रभात पाठवणाऱ्याला समूहातून काढलेले बरे. मशीन जागेवर चालवून दाखवावे, बॉबिन केस आणि पट्टा मोजून हाती द्यावा, आणि पैसे जमा झाल्याचा संदेश दोघांनी पाहिल्यावरच वस्तू उचलावी.

घरी गेल्यावर दोष निघाला, तर स्क्रीनशॉट समूहावर टाकण्याआधी विक्रेत्याला फोन करावा. माझ्याकडून नेलेल्या एका टेबलफॅनची मोटर चौथ्या दिवशी जळाली, तेव्हा अनगोळच्या त्या गृहस्थांनी प्रथम मलाच विचारले. वाइंडिंगचा खर्च आम्ही निम्मा-निम्मा केला. त्या गडबडीत जाहिरातीवर ‘विकले’ लिहायचे मात्र माझ्याकडून राहून गेले, आणि पुढच्या रविवारी वडगावचे एक आजोबा तोच पंखा पाहायला उन्हातून माझ्या दारात आले.