पाड्यात माणसं किती? फुकटच्या नकाशांवरून अंदाज काढायची पद्धत

पालघर जिल्ह्यातल्या जव्हार-मोखाड्याकडं काम केलेल्यांना माहितीये, जनगणनेत आकडा मिळतो तो अख्ख्या महसुली गावाचा आणि माणसं राहतात पाच-सहा पाड्यांवर विखुरलेली, त्यातला एखादा पाडा पार दरीपलीकडं. मग टँकर कुठं पाठवायचा, लसीकरणाचा कॅम्प कुठं लावायचा? तर गावाचा आकडा पाड्यांत वाटायचा.

लागतं काय, तर क्यूजीआयएस (नकाशांवर काम करायचं फुकट सॉफ्टवेअर), २०११ च्या जनगणनेचा गावनिहाय तक्ता, गावांच्या हद्दींची फाईल, आणि गूगलचा ओपन बिल्डिंग्ज डेटा (सॅटेलाईट फोटोंवरून कॉम्प्युटरनं ओळखलेल्या इमारतींची यादी). ओपनस्ट्रीटमॅपवर (लोकांनी मिळून काढलेला फुकट नकाशा) खेड्यात घरं अर्धवटच काढलेली असतात, पण पाड्यांची नावं तिथूनच घ्या.

बिल्डिंग्जची सीएसव्ही (तक्त्याची फाईल) अवाढव्य असते, आधी तालुक्यापुरती कापा. मग प्रोजेक्शन बदलून यूटीएम ४३ नॉर्थ (या भागाची मीटरात मोजणारी नकाशापद्धत) करा, नाहीतर पुढं अंतरं मीटरऐवजी डिग्रीत येतात आणि सगळा घोळ होतो.

आता खरं काम म्हणजे घर कुठलं ते ठरवणं. १५-२० चौरस मीटरच्या खालचं बहुतेक गोठा नाहीतर झोपडं, ते काढा. फार मोठं दिसलं तर आश्रमशाळा असेल, तेही काढा. या डेटात कॉन्फिडन्सचा (ती खरंच इमारत असल्याची खात्री किती, याचा) कॉलम असतो आणि बरेच जण ०.७५ च्या खालचं सरळ उडवतात, पण इथं तसं करू नका, कुडाची घरं झाडाखाली असतात, त्यांनाच कमी मार्क पडतात, सॅटेलाईट फोटो लावून डोळ्यानं बघा, कंटाळवाणं आहे पण पर्याय नाही.

उरलेल्या घरांचे सेंट्रॉइड (मध्यबिंदू) काढून क्यूजीआयएसमध्ये डीबीस्कॅन क्लस्टरिंग (जवळजवळच्या बिंदूंचे गट पाडायची पद्धत) चालवा, अंतर ८० मीटर, कमीत कमी ५ घरं. प्रत्येक क्लस्टर म्हणजे साधारण एक पाडा. सुटी राहिलेली घरं जवळच्या पाड्यात टाका. मग सोपं गणित: गावाची लोकसंख्या गुणिले पाड्यातल्या घरांचं क्षेत्रफळ भागिले गावातल्या सगळ्या घरांचं क्षेत्रफळ. बैठ्या घरांच्या भागात हे चालतं. मुंबईत चालवू नका, मजलेच कळत नाहीत.

अजून एक. २०११ ची मोजणी झाली ९ ते २८ फेब्रुवारीत, आणि इथले लोक दिवाळीनंतर भिवंडी-वसईकडं वीटभट्ट्यांवर जातात ते पावसाच्या तोंडावर परततात. त्या दिवसांत घरी नसलेला माणूस गावात मोजलाच गेला नाही. म्हणजे पावसाळ्यातल्या कामासाठी हा आकडा कमीच पडणार, तेव्हा दोन-तीन पाड्यांचे आकडे आशाताईंच्या रजिस्टरशी ताडून बघा आणि फरक दिसला तर बाकीचेही त्या हिशोबात वाढवा.