नवशिक्यासाठी वापरलेली स्लॅलम स्की कशी निवडावी

वॉटर स्कीइंगमध्ये स्लॅलम म्हणजे एकाच स्कीवर एक पाय पुढे आणि एक मागे ठेवून बोटीमागे जाणं. वापरलेली स्की शोधताना नवशिके एकाच ठिकाणी फसतात. स्पर्धेसाठी बनवलेली, एकेकाळची महागडी कार्बनची स्की निम्म्याहून कमी किमतीत दिसते आणि ते ती उचलतात. अशी स्की मोठ्या वेगासाठी घडवलेली असते. स्पर्धेत महिलांसाठी बोटीचा कमाल वेग ताशी ५५ किलोमीटर असतो आणि पुरुषांसाठी ५८. शिकणारा माणूस ४०-४५ वर असतो. त्या वेगात अरुंद स्की पाण्यावर तरंगायच्या ऐवजी पाणी ढकलत राहते. पाण्यातून उठायलाच वेळ लागतो आणि दोन-तीन प्रयत्नांत हात भरून येतात. म्हणून नाव आणि किंमत नंतर बघा, आधी रुंदी आणि लांबी.

लांबी ठरते वजनावर आणि बोटीच्या वेगावर. उंचीचा त्यात फारसा संबंध नाही. ताशी ४५ किलोमीटरच्या आसपास साधारण हिशेब असा: ६० किलोपर्यंत ६३ ते ६५ इंच, ६० ते ७५ किलोला ६५ ते ६६, ७५ ते ९० ला ६७ ते ६८ आणि त्यापुढे ६९ किंवा जास्त. प्रत्येक कंपनीचा तक्ता थोडा वेगळा असतो, तेव्हा हातातल्या मॉडेलचा तक्ता एकदा पाहून घ्या. दोन मापांमध्ये अडलात तर मोठं घ्या. मोठ्या स्कीवर वळण जरा सावकाश बसतं, पण उठणं आणि तोल सांभाळणं सोपं जातं, आणि पहिल्या मोसमात तेवढंच हवं असतं.

आकाराच्या बाबतीत पुढच्या बाइंडिंगपाशी (बाइंडिंग म्हणजे स्कीवर पाय अडकवायचा बूट किंवा पट्टा) रुंद असलेली, शेपटीकडे फार निमुळती न होणारी स्की शोधा. रडार कंपनीची युनियन किंवा एचओ कंपनीची ऑम्नी ही याच जातीची. रडार सेनेट मधली आहे, म्हणजे शिकून झाल्यावरही काही काळ पुरणारी. रडारच्याच व्हेपरसारखा स्पर्धेचा आकार सध्या सोडून द्या.

स्की हातात आल्यावर

पुढचा पाय कोणता हे आधीच पक्कं करून जा. दोन स्कींवर चालत असताना एकेक स्की पाण्यावरून जरा उचलून बघा. ज्या पायावर स्थिर राहता, तो पुढचा.

आता स्की डोळ्यांसमोर आडवी धरून शेपटीकडून टोकाकडे नजर टाका. दोन्ही कडा सारख्या उठलेल्या दिसल्या पाहिजेत. एक कड वर आणि दुसरी खाली, म्हणजे स्कीला पीळ आहे. तो निघत नाही.

मग नाणं घेऊन वरचा आणि खालचा पृष्ठभाग टोकापासून शेपटीपर्यंत वाजवत जा. चांगल्या ठिकाणी आवाज कोरडा, टणक येतो. मध्येच कुठे तो बद्द झाला तर तिथे थर सुटलेला असू शकतो. पुढच्या पायाखाली आणि त्याच्या आगेमागे वीतभर जागा दोनदा वाजवा, कारण सगळ्यात जास्त ताण तिथेच येतो. तिथे अंगठ्याने दाबल्यावर पृष्ठभाग आत जात असेल तर किंमत कितीही कमी असो, स्की परत ठेवा.

कडेच्या जोडावरून नख फिरवा. नख अडकलं आणि दाबल्यावर फटीतून पाण्याचा थेंब आला, तर आतल्या गाभ्यात पाणी शिरलेलं आहे. उन्हात तापलेल्या गाडीत ठेवलेल्या स्कीला फुगवटे येऊ शकतात, तेही बघा. तळावरचे वरवरचे ओरखडे चालतात. खाली कापडाचे धागे दिसत असतील असा खोल घाव चालत नाही. वरच्या रंगाला पडलेल्या बारीक रेषा बहुधा रंगापुरत्याच असतात, पण दाबल्यावर त्या उघडमीट करत असतील तर तडा आत गेलेला आहे.

बाइंडिंगचे स्क्रू एकेक करून किंचित सैल करून परत घट्ट करा. घट्ट होता होता जो नुसता फिरत राहतो, त्याच्या खालचा धातूचा आटा स्कीतून सुटलेला असतो. हे काम विक्रेत्यासमोरच करा, आणि त्याने नकार दिला तर तेही लक्षात घ्या.

बाइंडिंग

नवशिक्याला पुढे मऊ, लेसची किंवा रबराची बाइंडिंग आणि मागे पाय सरकवायचा नुसता पट्टा, ही जोडी उत्तम. उठताना मागचा पाय मोकळा ठेवून नंतर आत घालता येतो. दोन पूर्ण बाइंडिंग असतील तर पडताना एक पाय सुटून दुसरा अडकण्याचा धोका असतो आणि त्यात पायाला गंभीर इजा होऊ शकते. टणक कवचाची बाइंडिंग शिकताना नकोच.

रबर दोन बोटांनी ताणून बघा, विशेषतः टाचेपाशी. ताणल्यावर बारीक भेगा उघडल्या किंवा बोटाला चिकट थर लागला, तर बाइंडिंग बदलावी लागेल. तो खर्च आधीच किमतीत धरा, कारण नवी बाइंडिंग कधीकधी जुन्या स्कीपेक्षा महाग पडते. बदलायची झाली तर नव्या पट्टीची छिद्रं स्कीच्या आट्यांवर बसतात का, हे मोजूनच घ्या. सगळ्या कंपन्यांची जुळत नाहीत.

पाय ओला करून घालून बघा. गुडघा पुढे झुकवल्यावर टाच उचलली गेली तर बाइंडिंग मोठी आहे.

फिन

शेपटीखालचं धातूचं पातं म्हणजे फिन. हलवून बघा, हललं तर ते धरून ठेवणाऱ्या ब्लॉकचे स्क्रू सैल आहेत. एवढ्याने घाबरायचं कारण नाही. कडेला बारीक खाच असेल तर बारीक सँडपेपरने घासून निघते, पण वाकलेलं पातं बदलावं लागतं. आधीच्या मालकाने फिन आपल्या सवयीप्रमाणे सरकवलेलं असण्याची शक्यता बरीच. खोली साधारण अडीच इंच असते आणि तिचं माप कॅलिपरने इंचाच्या हजाराव्या भागात घेतात. त्या मॉडेलची कंपनीची मूळ मापं शोधा, सध्याची मापं कागदावर लिहून ठेवा आणि मगच फिन मूळ जागी आणा. त्यावर छोटा आडवा पंख असेल तर काढून ठेवा. तो वेग कमी करण्यासाठी असतो, आणि तुमच्या वेगात त्याचा अडथळाच होईल.

पहिल्या दिवशी पाण्यात जाण्याआधी सगळे स्क्रू हाताने घट्ट करा, आणि दोन-तीन फेऱ्यांनंतर पुन्हा एकदा तपासा.