फ्रेंच अनियन सूप: कांद्याला तासभर द्यायचा नसेल तर करूच नका

"कांदे १० मिनिटं परता, छान ब्राउन होतील" असं जिथे लिहिलेलं दिसेल ती रेसिपी तिथेच बंद करा. १० मिनिटांत कांदा फक्त मऊ पडतो. पूर्वी पॅरिसच्या ले आल बाजारात रात्रभर राबणारी माणसं पहाटे हेच सूप प्यायची (तो बाजार १९६९ मध्ये शहराबाहेर रंजिसला हलला), स्वस्तातलं पोटभरीचं काम, त्यामुळे चव काढायची ती कांद्यातूनच.

चौघांना १ किलो कांदे, उभे चिरलेले, फार पातळ नको, नाहीतर लगदा होतो. जाड बुडाचं पातेलं, ५० ग्रॅम बटर, चमचाभर तेल, थोडं मीठ. झाकण ठेवून १५ मिनिटं मंद आचेवर कांद्याला पाणी सुटू द्या.

आता खरी परीक्षा. मी पहिल्यांदा मटणाच्या वाटणाला परततात तसा मोठ्या गॅसवर भराभर परतला, कडा काळ्या आणि मधे कच्चा, सूप कडू झालं म्हणून वर साखर घातली तर कडू आणि गोड दोन्ही झालं, शेवटी ओतून दिलं. बिर्याणीवरच्या बिरिस्त्याचा कांदा कुरकुरीत हवा असतो, इथे तो जॅमसारखा हवाय, हे डोक्यात बसायला मला तीन वेळा लागले.

तर झाकण काढा, आच मंद ते मध्यम. आधी पाण्याचा चरचर आवाज येतो, पाणी आटलं की आवाज बदलतो आणि बुडाला तपकिरी थर धरायला लागतो. घाबरू नका, ही दुधाच्या पातेल्यातल्या खरवडीसारखी गोष्ट आहे, सगळी चव तिथेच. दोन चमचे पाणी मारा, लाकडी उलथन्याने खरवडून कांद्यात मिसळा, परत थर धरू द्या, परत पाणी. असं पाच-सहा वेळा. थर काळा पडला की मात्र संपलं, म्हणून या टप्प्यात फोन बाजूला. ४५ मिनिटं ते तास लागतो, किलोभर कांद्याचा वाटी-दीड वाटी ऐवज उरतो आणि रंग जुन्या गुळासारखा येतो. लवकर व्हावं म्हणून सोडा घालायला सांगतात, रंग येतो खरा पण कांद्याचा चिखल होतो. मी घालत नाही.

पुढचं सोपं. चमचाभर मैदा परता, अर्धा कप ड्राय व्हाइट वाइन आटवा, सव्वा लिटर स्टॉक घाला (मूळचा बीफचा, मी चिकनचा वापरते), थाइम (ओव्यासारख्या वासाचा पाला), बे लीफ, अर्धा तास उकळा. आपलं तमालपत्र टाकू नका, त्याला दालचिनीचा वास असतो. स्टॉक क्यूबचा असेल तर मीठ अगदी शेवटी, चाखूनच.

बगेटचे (लांबट फ्रेंच पावाचे) तुकडे ओव्हनमध्ये कडक वाळवा, नुसते टोस्ट केलेले सूपात विरघळतात. सूपावर ब्रेड, ब्रेडवर भरपूर किसलेलं ग्रुयेर किंवा कोंते चीज, मग ग्रिलखाली ३-४ मिनिटं, चीजवर डाग पडेपर्यंत. बाउल ओव्हनमध्ये चालणारेच घ्या. माझा काचेचा एक ग्रिलखाली तडकलाय, आणि चीज, काच, सूप सगळं ओव्हनच्या तळातून खरवडत बसले होते रात्री ११ वाजता.