घरासाठी नवा एचडी टीव्ही निवडताना

दुकानात जाण्यापूर्वी सोफ्यापासून टीव्हीच्या भिंतीपर्यंतचे अंतर टेपने मोजून घ्यावे, कारण पडद्याचा आकार सवलतीवरून नव्हे, तर या अंतरावरून ठरवायचा असतो. ४३ इंची पडद्याचा कर्ण सुमारे १०९ सेंटिमीटर असतो. त्यावर फोर-केचा (फुल एचडीच्या चौपट ठिपक्यांनी बनलेल्या चित्राचा) बारकावा साधारण साडेपाच फुटांच्या आत बसल्यावरच दिसू लागतो, आणि दहा फुटांवरून फुल एचडी व फोर-के यांतला फरक जवळजवळ जाणवत नाही. तेवढ्या अंतरासाठी ५५ इंची किंवा त्याहून मोठा पडदाच घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

दुकानातल्या झगझगीत चित्रावर मात्र विसंबू नये. तिथे टीव्ही बहुधा ‘व्हिव्हिड’ मोडवर लावलेला असतो. तो ‘सिनेमा’ मोडवर आणायला सांगावे आणि माणसाच्या चेहऱ्याची त्वचा नैसर्गिक दिसते का, काळ्या केसांतल्या बटा वेगळ्या दिसतात का, हे पाहावे. मग दोन पावले बाजूला सरकून तेच चित्र पुन्हा पाहावे, कारण काही पॅनेलवर बाजूने रंग फिके पडतात.

घरचा सेट-टॉप बॉक्स एसडी (एचडीपेक्षा कमी स्पष्ट चित्र देणारा) असेल, तर तोही बदलावा. एरवी मोठ्या पडद्यावर मालिका धूसरच दिसतील.