प्लॅनिंगची फेलोशिप लागलीय? आधी गमबूट घ्या, लॅपटॉप नंतर उघडा

दर पावसाळ्याच्या तोंडावर कुणाचा तरी मेसेज येतोच, दादा फेलोशिप लागली, रिजनल प्लॅनिंग, वाहतूक आणि क्लायमेट रेझिलियन्स असं लांबलचक नाव आहे, पहिल्या महिन्यात नक्की करू काय? मी पुण्यात एका सरकारी ऑफिसात असंच एक वर्ष काढलंय आणि त्यातले पहिले चार महिने रिपोर्ट वाचण्यात घालवलेत, म्हणून आता एकदाच सविस्तर लिहून ठेवतो.

पहिली गोष्ट भाषेची. ऑफिसात "क्लायमेट रेझिलियन्स" म्हटलं की साहेब मान हलवतात, चहा मागवतात आणि विषय संपतो. तेच "साहेब, जोराचा पाऊस झाला की अमुक गावाची बस चार तास बंद पडते, ती चालू कशी ठेवायची ते बघतोय" असं म्हणा, खुर्ची पुढे सरकते. काम तेच आहे, फक्त नाव बदललं.

दुसरी गोष्ट, एक जागा पकडा. अख्ख्या प्रदेशाचा आराखडा तुम्ही बारा महिन्यात करणार नाही, कुणी करू पण देणार नाही. एक मोरी (रस्त्याखालून ओढ्याचं पाणी जायची वाट), एक फरशी पूल, एक बसमार्ग, एवढंच. आणि ती जागा नकाशावरून शोधू नका. बसच्या डेपोत जा, वाहतूक नियंत्रकांच्या केबिनमध्ये बसा आणि विचारा, पावसात कुठली फेरी आधी रद्द होते? पीएमपीच्या, म्हणजे पुण्याच्या शहर बसच्या, चालक-वाहकांना हे तोंडपाठ असतं, कुठे पाणी गुडघ्याला लागतं, कुठे बस वळवायला जागा नाही, कुठल्या वळणावर माती खाली येते. हे कुठल्याच डेटासेटमध्ये नाही. माळीणचं आठवा ना, 30 जुलै 2014, आंबेगाव तालुक्यातलं ते गाव डोंगराखाली गेलं आणि बाहेरच्या जगाला पहिल्यांदा कळलं ते एसटीच्या चालकामुळे, रोजच्यासारखी गाडी घेऊन गेला तर गावच दिसेना. दुर्गम भागात रोज जाणारी सरकारी गाडी म्हणजे बातमीची तारसुद्धा असते, आणि ती फेरी "तोट्यातली" म्हणून बंद करताना हे कुणी हिशोबात धरत नाही. असो.

आता हद्द. इथे नवीन माणूस हमखास गटांगळ्या खातो. पुणे म्हणजे पुणे मनपा नाही. शेजारी पिंपरी-चिंचवड मनपा, मध्ये पुणे, खडकी आणि देहूरोड अशी तीन कॅन्टोन्मेंट, बाहेर 2015 साली स्थापन झालेलं पीएमआरडीए (पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण), त्यात जिल्हा परिषद, तालुके, ग्रामपंचायती. बस मात्र एकच, पीएमपीएमएल, म्हणजे तीच पीएमपी, 2007 साली पुणे आणि पिंपरी-चिंचवडच्या दोन परिवहन संस्था एकत्र करून झालेली. म्हणजे बसला हद्द नाही आणि ओढ्यालाही नाही, पण रस्त्याला आहे. ढोबळमानाने ग्रामीण रस्ते आणि इतर जिल्हा मार्ग जिल्हा परिषदेकडे, प्रमुख जिल्हा मार्ग आणि राज्यमार्ग सार्वजनिक बांधकामकडे, राष्ट्रीय महामार्ग केंद्राच्या अखत्यारीत. मनपात 2017 मध्ये 11 आणि 2021 मध्ये 23 गावं आली, तिथे तर कालपर्यंत रस्ता एकाचा होता आणि आज दुसऱ्याचा, कागद अजून तिसऱ्याच कपाटात. म्हणून जागा ठरली की पहिल्याच आठवड्यात एका कोऱ्या कागदावर लिहा: रस्ता कुणाचा, मोरी कुणी बांधली, ओढा कुणाचा, वरची जमीन कुणाची, पाणी खाली कुणाच्या दारात जातं. हा कागद म्हणजे तुमचं अर्धं वर्ष. उत्तर सरळ मिळालं नाही तर माहितीचा अधिकार आहेच, 10 रुपये शुल्क, 30 दिवसांची मुदत, पण तो शेवटी वापरा, आधी चहा प्या. ज्या ऑफिसात रोज जायचंय तिथेच पहिल्या दिवशी अर्ज टाकलात तर पुढे कुणी पाणीसुद्धा विचारणार नाही.

पावसाच्या आकड्यांवर जरा जास्त लिहितो कारण मी इथेच तोंडावर आपटलोय. हवामान खात्याचा 24 तासांचा पाऊस सकाळी साडेआठला मोजतात आणि तो त्या दिवसाच्या तारखेला लागतो. म्हणजे 25 सप्टेंबर 2019 च्या रात्री आंबिल ओढ्याला जो लोंढा आला, कात्रजपासून सहकारनगर, दांडेकर पुलापर्यंत भिंती पडल्या, गाड्या वाहून गेल्या, माणसं गेली, तो पाऊस नोंदीत 26 तारखेला शोधायचा. मला हे माहीतच नव्हतं, मी रद्द झालेल्या फेऱ्या आणि पाऊस तारखेला तारीख लावून जोडले आणि मस्तपैकी ग्राफ काढला की बस बंद पडण्याचा पावसाशी फारसा संबंध नाही! तो ग्राफ मीटिंगमध्ये दाखवला सुद्धा. मागच्या खुर्चीवरचे एक ज्येष्ठ क्लार्क काका हळूच म्हणाले, "तारीख सरकवून बघा." बघितली. नंतर दोन दिवस मी कँटीनला गेलो नाही.

आणि जिल्ह्याची सरासरी तर वापरूच नका. ताम्हिणीत वर्षाला काही हजार मिलिमीटर पडतो, बारामती-दौंडकडे पाचशेच्या आसपास, या दोघांची सरासरी काढून काय मिळणार? शिवाय ओढ्याला 24 तासांशी घेणंदेणं नसतं, तासाभरात किती कोसळला ते महत्त्वाचं. मुठेचं गणित पुन्हा वेगळं. तिथे तुमच्या डोक्यावर पाऊस नसला तरी पूर येतो, कारण पानशेत, वरसगाव, टेमघर ही वरची धरणं भरत आली की सगळं पाणी खडकवासल्यातून सुटतं. 25 जुलै 2024 ला सिंहगड रोडच्या एकतानगरीत पाणी शिरलं तेव्हा पुणेकरांना विसर्ग (धरणातून सोडलेलं पाणी) आणि क्युसेक पुन्हा नव्याने कळले. 1 क्युसेक म्हणजे सेकंदाला साधारण 28 लिटर. कुठल्या विसर्गाला नदीपात्रातला भिडे पूल बंद होतो, त्यानंतर कुठल्या बस कुठून वळतात, ही एवढी एक साखळी जरी नीट लिहून काढलीत तरी ती बऱ्याच जाड रिपोर्टपेक्षा कामाची.

पूररेषेबद्दल पण लोकांचा गैरसमज काढायची तयारी ठेवा. निळी रेषा म्हणजे 25 वर्षांतून एकदाचा पूर, लाल म्हणजे 100 वर्षांतून एकदाचा. हे ऐकून समोरचा म्हणतो, मग आत्ताच येऊन गेला, आता आपल्या हयातीत नाही. तसं नसतं. लाल रेषेच्या पुराची शक्यता दरवर्षी 1 टक्का, आणि तो येऊन गेला तरी पुढच्या वर्षी पुन्हा 1 टक्काच. 30 वर्षं वापरायचा बस डेपो त्या रेषेवर बांधला तर त्या काळात एकदा तरी पाणी शिरायची शक्यता सुमारे 26 टक्के, निळ्या रेषेवर बांधला तर 70 टक्क्यांच्या वर. हे मी सांगितलं की खोली शांत व्हायची. तेही हे गृहीत धरून की पाऊस पूर्वीसारखाच पडतोय.

आता मोरीचं गणित. हे शिकाच, अवघड नाही. छोट्या क्षेत्राला एक साधं सूत्र चालतं: वाहून जाण्याचा गुणांक (पडलेल्या पावसातला किती हिस्सा वाहून जातो) गुणिले पावसाचा जोर, मिलिमीटर प्रति तास, गुणिले क्षेत्र हेक्टरमध्ये, भागिले 360. उत्तर येतं घनमीटर प्रति सेकंद. माझी मोरी कात्रजच्या पलीकडे एका समाविष्ट गावात होती, वर साधारण 60 हेक्टरचा उतार, खाली 900 मिलिमीटरचे दोन पाइप. तासाला 50 मिलिमीटर पाऊस धरला आणि उतारावर गवत-झुडपं असताना गुणांक 0.3 धरला तर 2.5 येतं. आणि दोन पाइपांतून सेकंदाला 2 मीटर वेगाने पाणी गेलं तर तेही अडीचच. म्हणजे ज्याने बांधली त्याने चूक केली नव्हती! मग वर प्लॉटिंग झालं, काँक्रीटचे रस्ते आले, गुणांक 0.7 झाला, पाणी झालं 5.8. पाऊस तोच, मोरी तीच, पाणी दुपटीपेक्षा जास्त. मग ते रस्त्यावरून जाणार नाहीतर काय. आपण सगळं हवामान बदलावर ढकलतो पण पुण्याच्या टेकड्यांच्या पायथ्याला आधी हे मोजा, पाऊस वाढल्याचा हिशोब त्याच्यावर चढवा. क्षेत्र काढायला क्यूजीआयएस हे नकाशाचं सॉफ्टवेअर फुकट आहे, दर 30 मीटरला एक असा उंचीचा डेटाही फुकट मिळतो, पण तो सपाट भागात आणि बांधकामात फसवतो, त्यामुळे चालत जाऊन खात्री करा. मी गेलो तर वरचा अर्धा ओढा एका सोसायटीच्या कंपाउंडने भलतीकडेच वळवला होता.

उन्हाचं थोडक्यात सांगतो. सॅटेलाइटचे लालभडक नकाशे सगळ्यांना आवडतात पण ते जमिनीचं, पत्र्याचं तापमान असतं, हवेचं नाही, आणि लँडसॅट उपग्रह आपल्यावरून जातो सकाळी अकराच्या सुमाराला. दुपारी दोनला हडपसरच्या स्टॉपवर उभ्या असलेल्या मावशींना काय होतं ते त्यात दिसत नाही. सावली आहे का, बसायला जागा आहे का, बस किती मिनिटांनी येते, हे वहीत लिहून आणा.

शेवटचं आणि खरं काम म्हणजे टिप्पणी. रिपोर्ट नाही. दोन पानं, मराठीत, पहिल्या परिच्छेदात जागा आणि अडचण, मग गणित, मग फोटो तारखेसकट, मग नेमकी मागणी. ज्या खात्याचा रस्ता त्याच खात्याच्या जेईंना (कनिष्ठ अभियंत्यांना) आधी सोबत घेऊन जा, साइटवर, पावसात. अंदाजपत्रक तेच करणार, तांत्रिक मान्यता त्यांच्याच साहेबांकडून येणार, तुमचं नाव कुठेही येणार नाही आणि ते तसंच बरं असतं. दिवाळीच्या आत टिप्पणी द्या, पुढच्या वर्षाच्या बजेटची जुळवाजुळव त्यानंतर सुरू होते, फेब्रुवारीत दिलेली टिप्पणी म्हणजे वरात गेल्यावर घोडं. आणि आवक नंबर घेतल्याशिवाय टेबल सोडू नका. माझी पहिली प्रत हरवली होती, "आलीच नाही" म्हणाले, माझ्याकडे नंबर नव्हता, विषय संपला, पुन्हा पहिल्यापासून.

दुसरी प्रत मार्गी लागली. मी निघालो तेव्हा काम फक्त यादीत होतं. गेल्या जुलैत त्या मार्गावरच्या वाहकदादांनी फोटो पाठवला, पाइप जाऊन तिथे बॉक्स, म्हणजे काँक्रीटची चौकोनी मोरी, झालाय, बस चालू आहे, आणि बॉक्सच्या तोंडाशी कुणीतरी दोन ट्रॉल्या राडारोडा आणून टाकलाय. तो फोटो मी लगेच जेईंना फॉरवर्ड केला, दोन निळ्या टिका आल्यात, उत्तर यायचंय.