पहिले सहा महिने मी नुसता खोका पळवायला हवा होता

नववीत असताना मामेभावाने दुबईहून आणलेला पीएसपी, म्हणजे हातात धरून खेळायचा सोनीचा गेम कन्सोल, दिवाळीच्या सुट्टीत आठ दिवस माझ्या ताब्यात होता. त्यात ‘वाइपआउट पल्स’ हा शर्यतीचा गेम होता. जमिनीला न टेकता पळणारी यानं, समोरच्यावर सोडायची क्षेपणास्त्रं आणि कानात धडधडणारं संगीत. फराळाला बोलावलं तरी मी उठत नसे. इंजिनिअरिंग मेकॅनिकलला केलं, पण डोक्यात ते यान राहिलंच. आज पुण्यात एका गेम स्टुडिओत गेमप्ले प्रोग्रामर आहे, म्हणजे गेम खेळताना जे घडतं त्याचा कोड लिहितो. या कामात कसं शिरायचं असं विचारणाऱ्या मुलामुलींना दरवेळी तेच सांगून घसा बसतो, म्हणून एकदाच लिहून काढतोय.

कुठलाही छोटा गेम करून शिकता येतं. मी हवेत तरंगणाऱ्या यानांची शर्यत निवडली ती केवळ हौसेपोटी, पण निवड नशिबाने बरोबर निघाली. यात माणसाच्या हालचाली, संवाद, कथा काही लागत नाही. एक यान, एक रस्ता. मात्र तेवढ्यात भौतिकशास्त्र, कॅमेरा, आवाज, शस्त्रांचा समतोल सगळं येतं.

आणि तरी मी सुरुवात उलट्या टोकाने केली. एका खासगी संस्थेत फी भरली होती. तिथे चार महिने थ्रीडी मॉडेल बनवायला शिकवलं, कोडचं नाव नाही. मग मीही ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये निऑन दिव्यांचं शहर उभं केलं, यानाला पंख, त्यावर स्टिकर. मग रॉकेट, सुरुंग, प्लाझ्मा अशी सात शस्त्रं. सहा महिन्यांनी खोलीतल्या मित्राच्या हातात कीबोर्ड दिला. दोन वळणं घेऊन तो म्हणाला, “दिसतंय भारी रे, पण साबणावरून घसरल्यासारखं वाटतंय.” त्या रात्री शहर, शस्त्रं, पंख सगळं बंद केलं आणि करड्या रस्त्यावर एक करडा खोका ठेवला.

खोका तरंगवायचा कसा? त्याच्या चार कोपऱ्यांतून खाली चार अदृश्य किरण सोडायचे आणि रस्ता किती अंतरावर आहे ते मोजायचं. ठरलेल्या उंचीपेक्षा खाली आला की त्या कोपऱ्याला वर ढकलायचं, जितका खाली तितकं जास्त. म्हणजे स्प्रिंगच. नुसती स्प्रिंग लावली तर खोका बेडकासारखा उड्या मारतो, म्हणून डॅम्पर, म्हणजे उसळी शमवणारा विरोध, हवा. इथे मला तिसऱ्या वर्षाचा व्हायब्रेशन्सचा पेपर आठवला, जो मी काठावर पास झालो होतो. क्रिटिकल डॅम्पिंग, म्हणजे उड्या न मारता लवकरात लवकर स्थिर होण्यापुरता विरोध, किती? वस्तुमान आणि स्प्रिंगची ताठरता यांच्या गुणाकाराचं वर्गमूळ, त्याची दुप्पट. खोक्याचं वस्तुमान १ आणि चार स्प्रिंगांची मिळून ताठरता ४०० धरली, तर डॅम्पिंग ४०. आकडे घातले आणि खोका रस्त्यावर असा बसला की मी खुर्चीतून उठून खोलीत एक फेरी मारून आलो. नंतर ते ३० वर आणलं, कारण उंचवट्यावरून गेल्यावर थोडं हेलकावणं डोळ्याला बरं वाटतं. गुरुत्वाकर्षणही सरळ खाली लावायचं नाही, रस्त्याच्या पृष्ठभागाच्या दिशेने लावायचं. नाहीतर रस्ता उलटा झाला की यान गळून पडतं.

मग वेग. मला ताशी १००० किमी हवेच होते, आकडा छान दिसतो. सेकंदाला २७८ मीटर झाले. एक किलोमीटरचा सरळ रस्ता ३.६ सेकंदांत संपतो, आणि १०० मीटर त्रिज्येचं वळण या वेगाने घेतलं तर वैमानिकावर ७९ जी येतात, गुरुत्वाकर्षणाच्या ७९ पट जोर, म्हणजे त्याची चटणी. गेममध्ये चटणी होत नाही हे खरं, पण खेळणाऱ्याला ते वळण दिसेपर्यंत तो भिंतीत असतो. शेवटी खरा वेग सेकंदाला १२० मीटरवर आणला आणि पडद्यावर आकडा अडीचपट करून दाखवला. १०८० किमी! कुणाच्या लक्षात आलं नाही. वेग वाढला की कॅमेऱ्याचा कोन थोडा रुंद करायचा, रस्त्याच्या कडेला जवळजवळ खांब लावायचे, यान जरा पुढे सरकवायचं. एवढ्याने काम होतं. उलट मोकळ्या माळावर खरे १००० दिले तरी बैलगाडीत बसल्यासारखं वाटतं.

एअरब्रेक या प्रकाराकडे मात्र नीट लक्ष द्या. डावा दाबला की यानाची डावी बाजू अडते, नाक डावीकडे वळतं आणि वेग थोडा पडतो. चाकं नाहीत, म्हणून घसरत वळायचं. मी वळण आणि वेग पडणं हे दोन्ही एकाच आकड्याला बांधलं होतं, तिथेच तो साबण होता. दोन्ही वेगळे केले, आणि बाजूला घसरण्याचा वेग मारणारा तिसरा आकडा घातला. या तीन आकड्यांवर माझे पाच आठवडे गेले. ते आठवडे वाया गेले असं मला आजही वाटत नाही.

जुने गेम खेळा, पण वही घेऊन. पहिला ‘वाइपआउट’ लिव्हरपूलच्या सिग्नोसिसने केला. १९९५ साली युरोपात तो पहिल्या प्लेस्टेशनसोबतच बाजारात आला. त्यात भिंतीला लागलात की यान जवळपास जागीच थांबतं. १९९६ च्या ‘वाइपआउट २०९७’ मध्ये ते भिंतीला घासत पुढे सरकतं. वेगाची चव तीच, पण नवा माणूस पहिल्या पाच मिनिटांत वैतागून उठत नाही. २००२ च्या ‘वाइपआउट फ्युजन’मध्ये ‘झोन’ नावाचा प्रकार आला. त्यात वेग आपोआप वाढत जातो, तुम्ही फक्त टिकायचं. तुमचा ट्रॅक तपासायला याहून चांगली युक्ती नाही. कुठलं वळण वाईट आखलंय ते दहा मिनिटांत कळतं. निन्टेन्डोचा ‘एफ-झीरो’ १९९० चा, त्याहून जुना. पीसीवर खेळायचं तर ‘रेडआउट’ आणि ‘बॅलिस्टिकएनजी’ आहेत. दुसऱ्यात स्वतःचे ट्रॅक करून घालता येतात, म्हणजे गेम न बनवताही ट्रॅक आखायचा सराव होतो.

शस्त्रांबद्दल थोडक्यात. सातची मी तीन केली: रॉकेट, सुरुंग, ढाल. ‘पल्स’मधली एक गोष्ट चोरली. हातात आलेलं शस्त्र न वापरता गिळून टाकलं तर यानाची ऊर्जा वाढते. मारू की वाचू, हा निर्णय वळणाच्या तोंडावर अर्ध्या सेकंदात घ्यायचा. सात शस्त्रांनी जे आलं नव्हतं ते एका बटणाने आलं.

स्फोट झाला की पूर्ण पडदा पांढरा चमकवायची मला खोड होती. तसं करू नका. २००८ साली ‘वाइपआउट एचडी’ याच कारणाने लांबला होता. चमकणाऱ्या प्रकाशाने अपस्माराचा झटका येऊ शकतो का, ही चाचणी तो पास झाला नव्हता. एवढ्या मोठ्या चमूला परत कामाला बसावं लागलं.

आता नोकरीचं. आपल्याकडे बहुतेक काम मोबाइल गेमचं आहे: पत्ते, लुडो, क्रिकेट. यानांच्या शर्यतीची नोकरी शोधत बसलात तर बसूनच राहाल. ज्या लिव्हरपूलच्या स्टुडिओने ही मालिका केली, तोही २०१२ मध्ये बंद झाला. मी पहिलं दीड वर्ष टेस्टर होतो, पत्त्यांच्या गेममध्ये बग, म्हणजे चुका, शोधायचो. बाबा पाहुण्यांना सांगायचे, “कॉम्प्युटरमध्ये आहे.” पण बग नेमका कसा लिहायचा, तो परत कसा घडवून दाखवायचा, हे तिथेच शिकलो. टेस्टरची जागा मिळाली तर नाक मुरडू नका.

प्रोग्रामरच्या मुलाखतीला मी माझ्या यानांच्या शर्यतीचा डेमो घेऊन गेलो. समोरच्या बाईंनी लॅपटॉप स्वतःकडे ओढला, वेग पूर्ण केला आणि पहिल्या वळणाला वळल्याच नाहीत. यान सरळ भिंतीच्या पार गेलं आणि करड्या पोकळीत पडत राहिलं.

“भिंत कुठे गेली?” त्यांनी शांतपणे विचारलं.

मला घाम फुटला, पण उत्तर येत होतं. युनिटी, म्हणजे ज्या इंजिनवर मी गेम केला होता ते सॉफ्टवेअर, आपणहून सेकंदाला ५० वेळा फिजिक्स मोजतं. १२० मीटर भागिले ५०, म्हणजे दर ठोक्याला यान २.४ मीटर पुढे. टक्कर ओळखायला मी यानाभोवती दीड मीटरचा गोळा ठेवला होता आणि भिंत ३० सेंटिमीटरची. दोन्ही मिळून १.८ मीटर. एका ठोक्याला यान भिंतीच्या अलीकडे, पुढच्याला पलीकडे. मध्ये भिंत होती हे इंजिनला कळलंच नाही. घरी मी नेहमी वळायचो, म्हणून हे कधी दिसलं नव्हतं. त्यांनी कागद पुढे केला. मी लिहून दाखवलं की आधीच्या जागेपासून नव्या जागेपर्यंत गोळा सरकवत नेऊन वाटेत काही लागतं का ते पाहायचं. नोकरी मिळाली. नंतर चहाला त्या म्हणाल्या, चुकलेलं यान आणि बरोबर कागद त्यांना चालतो, उलटं चालत नाही.

म्हणून पाठवायचं ते एवढंच पाठवा: एक ट्रॅक, एक यान, एका मिनिटाचा व्हिडिओ आणि कुणाच्याही साध्या लॅपटॉपवर उघडणारं बिल्ड, म्हणजे थेट खेळता येईल अशी गेमची फाइल. सोबत अर्धं पान, त्यात काय जमलं नाही ते लिहा. दहा गेम्सचे अर्धवट फोल्डर नको.

हल्ली टेबलाच्या त्या बाजूला कधीकधी मी असतो. बिल्ड उघडतो, वेग पूर्ण करतो, आणि पहिल्या वळणाला वळत नाही.